पब्लिकविना पिक्चर

थेटरात जाऊन सिनेमा पाहण्यात आता काही राम उरला आहे का, असा प्रश्न हल्ली जो उठतो तो विचारतो. उठतो म्हणजे खरं तर उठतच नाही. कोचावर आडवा पडूनच विचारतो. त्याचं उत्तर त्याच्या उजव्या हातात असतं आणि त्याला रिमोट म्हणतात. "कशाला जायचं हो? दोन महिने थांबलं की घरबसल्या दिसतोच की!" असं म्हणून तो आपल्याकडे अशा नजरेनं बघतो, की जणू इतकी वर्षं आपण सगळे राहायला घर नव्हतं म्हणूनच थेटरात जात होतो.

या वादात माझा पक्ष थेटराचा आहे हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी खुशाल उलटावं. थेटरात ही सोय नसते. तिथे मधेच उठायचं तर वीस गुडघे ओलांडावे लागतात, आणि त्या गुडघ्यांचे मालक त्या वेळी जे बोलतात ते सेन्सॉरच्या कात्रीतून सुटणारं नसतं.

थेटर मेलं, ही आवई काही आजची नव्हे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. पुढे शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट घरात दिसायला लागला. ज्याच्या घरी सेट त्याच्या घरी अख्खी चाळ, अशी परिस्थिती. जाणत्यांनी तेव्हाच थेटराच्या नावानं आंघोळ करून घेतली. मग १९८२ साली दिल्लीच्या एशियाडबरोबर टीव्हीला रंग चढला, पुन्हा आंघोळ. मग व्हिडिओ आला. गल्लीतल्या तरुण मंडळींनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि एका रात्रीत चार पिक्चर पाहून सकाळी लाल डोळ्यांनी कामावर जायचं. मग केबल आली, सीड्या आल्या, मोबाईल आला. शेवटी मार्च २०२० मध्ये करोना आला आणि त्यानं थेटरांना कुलूपच घातलं. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. इतक्या वेळा बांबू आणून परत पाठवावे लागलेलं दुसरं मयत माझ्या माहितीत नाही.

थेटर नावाची गोष्ट मेली नाही; थेटरं मात्र एकेक करून मेली. ज्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षांवर चालला ते मिनर्व्हा गेलं. दादरचं चित्रा २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं. गावोगावी असं एखादं तरी थेटर आहे, जे आता फक्त पत्ता सांगायला उरलं आहे. "टॉकीजपाशी उतरा," असं सांगितलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. आपण खाली उतरून बघतो तर टॉकीजच्या जागी चपलांचं भव्य दालन. तेव्हा प्रश्न गमतीचा नाही. जायचं की नाही, हे आपण ठरवतो आहोत असं आपल्याला वाटतं. पण आपण ठरवेपर्यंत तिथे शटर पडलेलं असतं.

आता विरुद्ध पक्षाचे मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा अर्थातच पैशाचा. "परवडत नाही हो!" हे वाक्य आपल्याकडे सिनेमाइतकंच जुनं असलं पाहिजे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला खेळ केला, त्याचं तिकीट होतं एक रुपया. पिक्चर एकेक मिनिटाचेसुद्धा नव्हते: आगगाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात. आणि त्या काळचा रुपया म्हणजे तोळाभर वजनाचा चांदीचा ठोकळा! आजच्या चांदीच्या भावानं हिशेब करून बघा, म्हणजे मल्टिप्लेक्सचं तिकीट तुम्हाला धर्मादाय वाटायला लागेल. आणि तोळाभर चांदी मोजून लोकांनी काय पाहिलं? तर आगगाडी. बोरीबंदरावर जाऊन ती फुकट दिसत होती. तरी लोक गेले. या 'तरी लोक गेले'मध्येच सगळं रहस्य आहे. त्याच्याकडे मी पुढे येतोच.

खरी महाग गोष्ट तिकीट नव्हे, मका. घरी जी गोष्ट मूठभर टाकली की पातेलंभर होते, ती थेटरात पातेलंभर घेतली की खिशात मूठभर उरतं. या मक्यानं तर देशाचं सरकार आणि न्यायसंस्था दोघांनाही कामाला लावलं. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की बाहेरचे खाद्यपदार्थ आत येऊ द्यायचे की नाही हे थेटरच्या मालकानं ठरवावं. पाणी मात्र फुकट ठेवावं, आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवू नये. कोणी जिलेबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर काय, असा सवालही त्या सुनावणीत निघाला. जिलेबीचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च स्थानी पोचला याचा अभिमानच वाटला पाहिजे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली आणि तिथे खुलासा झाला की सुट्या खारट पॉपकॉर्नवर पाच टक्के आणि साखरेच्या पाकातल्यावर अठरा टक्के कर. मीठ खाल्ल्या घरचे वासे मोजायला स्वस्त आणि गोड बोलायला महाग, हा न्याय आपल्याकडे नवा नाही.

पण मंडळी, मका खाल्लाच पाहिजे असं तिकिटाच्या मागे कुठे छापलेलं असतं? जेवून जावं! लग्नातलं जेवण महाग पडतं म्हणून कोणी ब्रह्मचारी राहिल्याचं ऐकिवात नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाच टक्केच कर आहे, त्यावरच्यावर अठरा. म्हणजे सरकारनंसुद्धा सुचवलं आहे की बाबांनो, शंभराच्या आतली खुर्ची शोधा. ती मॉलच्या चौथ्या मजल्यावर मिळायची नाही. ती शोधायला एकपडदी थेटरात जावं लागेल, जिथे खुर्ची थोडी कुरकुरते. तशी घरची खुर्चीसुद्धा कुरकुरते आणि घरची माणसंही.

दुसरा मुद्दा जाहिरातींचा. पिक्चरची वेळ चारची आणि साडेचारपर्यंत पडद्यावर पंखे, साबण आणि सदनिका. हे खरं आहे. बेंगळुरूच्या एका प्रेक्षकानं याबद्दल चक्क दावा लावला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या ग्राहक आयोगानं त्याच्या पंचवीस मिनिटांची भरपाई थेटरवाल्यांना द्यायला सांगितली. पुढे उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली ती गोष्ट वेगळी. पंचवीस मिनिटांना किंमत असते असं कोणीतरी कागदावर लिहून दिलं, हेच मोठं. पण माझा सवाल असा, की जो माणूस थेटरातल्या पंचवीस मिनिटांसाठी तळमळतो, तोच घरी क्रिकेटच्या प्रत्येक षटकानंतर तीच बनियनची जाहिरात दिवसभर पाहतो, तेव्हा त्याचं घड्याळ कुठे जातं? आणि घरी पिक्चर लावायच्या आधी 'काय बघायचं' हे ठरवण्यात जो पाऊण तास जातो, त्याची भरपाई कोणत्या आयोगाकडे मागायची?

तिसरा मुद्दा, घरची सोय. इथे मला जरा बाह्या सरसावू द्या.

घरी पिक्चर पाहणं म्हणजे काय असतं? शुक्रवारी रात्री नऊला सगळे बसतात. नायिका प्लॅटफॉर्मवरून धावत सुटते. गाडी सुटायला आलेली. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. थांबव. नायिका एक पाय हवेत ठेवून थांबते. कुकर उतरतो, वरण फोडणीला पडतं, पुन्हा सुरू. "हा मघाचा टकल्या कोण?" असं आजी विचारतात. थांबव. टकल्याची वंशावळ सांगितली जाते. मग आत्याचा फोन येतो. आत्याचा फोन म्हणजे मध्यांतर नव्हे, दुसरा पिक्चरच. मग उशीर होतो आणि "उरलेला उद्या बघू" असं ठरतं. शनिवारी पाहुणे. रविवारी दुपारी टीव्ही लावावा तो नायिका बिचारी तशीच, एक पाय हवेत. आपल्याकडची कुठलीही पॅसेंजर गाडीसुद्धा इतका वेळ खोळंबत नाही. आणि घरात जर कॉलेजात जाणारं कोणी असेल तर ते हा सगळा मामला आपल्या मोबाईलवर दीडपट वेगानं बघून केव्हाच मोकळं झालेलं असतं आणि जाता जाता शेवट सांगून जातं.

याला आमचे एक शेजारी 'आपल्या सोयीनं बघणं' म्हणतात. अगदी बरोबर. पण थेटरात आपण पिक्चरच्या ताब्यात असतो आणि घरी पिक्चर आपल्या ताब्यात असतो, हा फरक लहान नाही. ताब्यात आलेल्या वस्तूचं आपण काय करतो, हे बघायचं असेल तर कुठल्याही घरातल्या व्यायामाच्या सायकलीकडे बघा. तिच्यावर टॉवेल वाळत असतात.

आता त्या 'तरी लोक गेले'कडे येतो. वॉटसन हॉटेलात लोक आगगाडी पाहायला गेले नव्हते. आगगाडी पाहून शेजारचा कसा दचकतो हे अनुभवायला गेले होते. थेटरात आपण जे विकत घेतो त्यात पिक्चर असतोच, पण अर्ध्याहून अधिक माल शेजारच्या खुर्च्यांवर असतो. दादा कोंडक्यांचा पिक्चर घरी एकट्यानं लावून पाहा. तुम्ही गालातल्या गालात हसाल. जोरात हसलात तर स्वयंपाकघरातून कोणीतरी काळजीनं डोकावेल. तेच वाक्य आठशे माणसांत पडलं की पुढचा विनोद कोणाला ऐकू येत नाही, आणि न ऐकलेल्या विनोदालाही लोक हसून घेतात. हसण्याची ही उधारी फक्त थेटरात चालते.

१९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक चपला काढून आत बसत आणि पडद्यावर नाणी उधळत. घरच्या टीव्हीसमोर कोणी चपला काढून बसत असेल तर ते फरशी पुसलेली असते म्हणून. १९९१ साली 'माहेरची साडी'ला आयाबाया रांगेनं रडल्या. घरात रडायची त्यांना काही बंदी नव्हती, पण घरात रडलं की "काय झालं?" म्हणून विचारतात आणि मग सांगावं लागतं. अंधारात शंभर जणींबरोबर रडलं की कोणी काही विचारत नाही. २०१६ साली 'सैराट'ला पोरं खुर्च्या सोडून नाचली, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तीच पोरं अशी गप्प झाली की पंख्याचा आवाज ऐकू यावा. ती शांतता घरात मिळत नाही हो. घरात शांतता असते, पण ती एकट्याची. आठशे माणसांनी मिळून केलेली शांतता वेगळी असते. तिला वजन असतं. आणि २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला बायका नटूनथटून, गटागटानं गेल्या, कितीक जणींनी थेटरातच फेर धरला. त्यांतल्या प्रत्येकीच्या घरी टीव्ही होता. मग कशाला गेल्या? टीव्हीसमोर फुगडी घालायला दुसरी कुठून आणणार!

मुंबईच्या मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला लागला. मधला करोनाचा काळ सोडला तर तो चालूच राहिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्याला तीस वर्षं झाली. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर तो पिक्चर दिसू शकतो. शेवट काय होणार याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही; गाडी सुटणार, हात पुढे येणार. तरी लोक गेले!

इतकं सगळं असताना थेटरं ओस का पडली? याचा दोष मी सगळाच कोचावरच्या माणसावर टाकणार नाही. अर्धा दोष थेटरवाल्यांचा. मल्टिप्लेक्सवाल्यांना वाटलं की लोकांना घर आवडतं, म्हणून थेटराचं घर करू. म्हणून त्यांनी आडवी होणारी खुर्ची आणली, पायाखाली पाट आणला, अंगावर शाल आणली, बटण दाबलं की हातात बशी आणून देणारा पोऱ्या आणला. दोन खुर्च्यांमध्ये एवढं अंतर ठेवलं की शेजारी कोण आहे हे कळायला तिथूनच फोन करावा. हजार खुर्च्यांचं एक थेटर मोडून दोन-दोनशेची पाच केली. जुन्या थेटरात पुढच्या बाकावर हमाल असे आणि बाल्कनीत डॉक्टर असे. तिकीट वेगळं, पण शिट्टी पुढून वाजली की हसू बाल्कनीतही फुटे. त्या हमालाला मॉलचा दरवानच आत सोडताना दोनदा बघतो. म्हणजे झालं असं, की थेटरवाल्यांनी थेटराचं घर केलं, घरवाल्यांनी घराचं थेटर केलं, आणि या दोघांच्या भानगडीत पब्लिक बिचारं बेघर झालं.

आणि यात सगळ्यात जास्त कोण मरतं? मराठी पिक्चर. १९७१ साली दादरच्या कोहिनूर थेटरात 'सोंगाड्या' लागू द्यावा म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं होतं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, २०१५ च्या एप्रिलमध्ये, सरकारला सांगावं लागलं की मल्टिप्लेक्समध्ये मराठी पिक्चर प्राइम टाइमला दाखवा. त्यावर मसलती झाल्या आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ, असा तोडगा निघाला. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणणं म्हणजे वैशाखाला हिवाळा म्हणण्यापैकी आहे. पण भांडून का होईना, पडदा मिळाला. पडद्यासमोर बसायचं काम कोणाचं? त्यासाठीही मोर्चाच काढायचा का?

मराठी माणसाची पिक्चर पाहायची एक पद्धत आहे. शुक्रवारी लागतो. शनिवारी तो म्हणतो, "बघू, कसा आहे ते कळू दे." सोमवारी कळतं की चांगला आहे. मंगळवारी तो चार जणांना सांगतो, "चांगला आहे म्हणतात. बघायला हवा." बुधवारी ते चौघे सोळा जणांना सांगतात. गुरुवारी सगळ्या महाराष्ट्रात एकमत होतं की असे पिक्चर निघायला हवेत. शुक्रवारी दुसरा हिंदी पिक्चर लागतो आणि मराठीचा एकुलता एक खेळ सकाळी सव्वानऊला जातो, तोही पलीकडच्या गावात. मग तो हळहळतो: "मराठी पिक्चरना थेटरंच देत नाहीत हो!"

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा पहिले काही दिवस धंद्यातले लोक म्हणत होते की पडला. तो उचलला तो पाहून आलेल्या लोकांच्या तोंडांनी, आणि ती तोंडं गावभर फिरेपर्यंत थेटरानं दम धरला. आज तो लागला असता तर? सोमवारी उतरला असता, आणि आपण सगळे दोन महिन्यांनी कोचावर पडून म्हणालो असतो, "बरा होता की! चालला कसा नाही?" चांगल्या पिक्चरला वर्ष-वर्ष मिळायचं, त्याला आता तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांतही आपण 'कळू दे' म्हणून बसलो, तर पुढचा पिक्चर काढणारा माणूस पिक्चर काढायचं सोडून चपलांचं दालनच काढेल. जागा तर तयारच आहे.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात असं. वर्षाला चाळीस पिक्चर थेटरात बघा, असं मी म्हणत नाही. तेवढे बघण्यासारखे निघतही नाहीत. चार बघा. पण ते पहिल्या आठवड्यात बघा. गावात एकपडदी थेटर उरलं असेल तर तिथे बघा. जेवून जा. फोन बंद करून खिशात ठेवा. पिक्चर चालू असताना ज्याचा फोन उजळतो त्याला उठवून पडद्यामागे बसवावं, या मताचा मी आहे. आणि हसू आलं तर मोठ्यानं हसा. तुमच्या हसण्यावर पुढच्या रांगेतल्या कोणाचं तरी हसू अडून बसलेलं असतं.

घरी तीन-चार भाग ओळीनं पाहून झाले की ते यंत्र पडद्यावर अक्षरं उमटवून विचारतं, 'अजून बघताय का?' रात्रीचे दीड वाजलेले असतात, घर झोपलेलं असतं, आणि आपली चौकशी करणारं तेवढंच जागं असतं. थेटरात असं कोणी विचारत नाही. तिथे भक्कन दिवे लागतात, आपण घाईघाईनं डोळे पुसतो, आणि शेजारचा अनोळखी गृहस्थ, तोही डोळे पुसता पुसता, आपल्याकडे न बघता विचारतो, "इथून रिक्षा कुठं मिळते हो?"